ऐकणारे: तीन

एल्कोच्या या मोटेलात संध्याकाळपासून मी असते.
काउंटरवर घंटी, किल्ल्यांचा खण,
दुपारची करपलेली कॉफी.
मंगळवारी आणि शुक्रवारी, तिकडे साडेसात
म्हणजे इकडे साडेसहा वाजले,
की माझा एक कान सातशे मैल उत्तरेला जातो,
मोंटानात, कॉट्रेलच्या शाळेच्या जिममध्ये.

पडद्यावर चित्र नसतं. एक हिरवा ठिपका,
शेजारी आकडा. ऐकणारे: तीन.

एक मी.
दुसरी मर्लची आई, वृद्धाश्रमातली, खोली अकरा.
हे मला ठाऊक, कारण दर सामन्याच्या शेवटी
मर्ल माईकवरूनच सांगतो,
"आई, गोळी घे आणि झोप आता."
तिसरं कोण, देव जाणे.

मर्ल हॉकनेस दिवसा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो.
बास्केटबॉल त्याला बेताचाच कळतो.
शिट्टी वाजली की फाऊल कुणाचा ते शेजाऱ्याला विचारतो,
उत्तर येतं पॉपकॉर्न चावत.
रंगात आला की त्याची क्रियापदं गळून पडतात:
"डेलेनी! डावीकडून! डेलेनी! अरेरे."
त्या अरेरेवरून गुण ताडायचे.

पण मी मर्लला ऐकत नाही.
मी ऐकते मर्लच्या मागचं.
बुटांची चीं-चीं, जुन्या हीटरची धाप,
गाईच्या गळ्यातली घंटा वाजवणारं कुणीतरी म्हातारं,
आणि चेंडू.
टण्, टण्, टण्,
मग एकदम
ठस्स.

ती फळी.
पाहुण्यांच्या बाकापुढे, डाव्या कोपऱ्यात.
शहाऐंशीच्या हिवाळ्यात पाईप फुटला, पाणी मुरलं,
तेव्हापासून मुकी आहे.
तिच्यावर आपटलेला चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही.
मिसेस ऑडगार्डनी आमचे डोळे बांधून
ती आम्हाला पायांनी शोधायला लावली होती.
पाहुणीला रेटत रेटत तिथवर न्यायची, बस.
पुढचं लाकूड बघून घेतं.
कप एकदाच मिळाला.
फळी मात्र पायांत राहिली.

मग मी गाव सोडलं. का, ते इथं नको.
वडील गेले तेव्हाही गेले नाही.
बर्फ होतं म्हणून कळवलं. बर्फ नव्हतं.

आज आकडा दोन होता.
आधी वाटलं, वृद्धाश्रमाचं वायफाय. ते तसलंच आहे.
हाफटाइमला मर्ल माईक बंद करायला विसरला,
नेहमी विसरतो.
खुर्ची सरकली. कुणीतरी हळू म्हणालं,
"आज यायला नको होतंस रे, मर्ल."
मर्ल म्हणाला,
"मग कुठं जायला हवं होतं?"
इतक्यात शाळेचा बँड सुरू झाला,
तुतारीवाला पोरगा एका सुरात, बाकीचे दुसऱ्या.

शेवटची सतरा सेकंदं. एक गुण पुढे आम्ही.
आम्ही! बघा, कशी म्हणाले.
चेंडू त्यांच्याकडे.
दारातून एक ट्रकवाला आला, खोली मागू लागला,
मी बोट वर केलं. थांब.
त्याला काय वाटलं असेल ते असो, थांबला बिचारा,
टोपी काढून, चर्चमध्ये थांबतात तसा.
टण्, टण्,
मर्ल सांगतोय त्यांची तेवीस नंबरची पोरगी कोपऱ्यात,
टण्,
ठस्स.
मर्ल ओरडायच्या आधीच माझा हात काउंटरवर आपटला.
घंटी आपोआप वाजली.

बेचाळीस, एकेचाळीस.
मर्लनं गुण दोनदा वाचले,
पशुखाद्याच्या दुकानाचे आभार मानले,
आणि थांबला.
हीटर चालू होता. कुठंतरी बाकडी मिटत होती.
बराच वेळ नुसतं तेच.
मग घसा खाकरून तो म्हणाला,
"झोपा आता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा अनेकवचनात.

हिरवा ठिपका विझला.
ट्रकवाल्यासाठी खणात हात घातला,
हाती अकराची किल्ली आली.
ती परत ठेवली, त्याला बाराची दिली.